दुसरा बापदेव

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगते, डोंगरांना चादरी घालते. लोक हसतात. हसा बापडे. पण खरंच तेवढंच आहे ते. बेलापूरच्या एका ऑफिसात चौथ्या मजल्यावर बसून मी कॉम्प्युटरवर जमीन उभी करते. आधी नुसते उंचीचे आकडे येतात, त्यांची राखाडी, मळलेल्या मातीसारखी जमीन तयार होते. कुठे चढ आहे, कुठे उतार, कुठे खाडीचा काठ, एवढंच त्यातून कळतं. मग वरून काढलेला, बहुतेक वेळा उपग्रहाचा, फोटो त्या जमिनीवर पसरायचा. चारही कोपरे आपापल्या जागी बसले पाहिजेत. एक जरी सरकला तरी रस्ता खाडीत जातो आणि देऊळ कड्यावर चढतं. सॉफ्टवेअरमध्ये ह्याला ओव्हरले म्हणतात, आम्ही ऑफिसात चादर म्हणतो. "चादर टाकली का?" "चादर जरा उजवीकडे ताण." अशी आमची भाषा.

आणि चादरीवर टाकायचं ते ठिगळ. फोटोत नको असलेलं काही दिसत असेल, ढगाची सावली, कचऱ्याचा ढीग, कुणाचा टेम्पो, तर त्याच फोटोतला शेजारचा एक तुकडा उचलायचा, त्याचा छोटा ओव्हरले करायचा आणि नको त्या गोष्टीवर ठेवून द्यायचा. ओव्हरलेंच्या यादीत जो वर असतो तो दिसतो, खालचा असून नसल्यासारखा. ठिगळाच्या कडा विरघळवल्या की शिवण कुणाला दिसत नाही. ह्या कामात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. तेव्हा ह्याची केवढी फुशारकी होती मला! आता नुसतं आठवलं तरी तोंड कडू होतं.

माझं गाव सीवूड्सच्या मागे, खाडीला लागून. तीन बाजूंनी टॉवर आले, चौथ्या बाजूला खाडी होती म्हणून तिथे येता आलं नाही. बांधालगत एक मोकळा पट्टा होता, त्यावर गावातल्या बायका जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवायच्या. दसरा झाला की बायका जमायच्या, पावसाळ्यात वाढलेलं गवत कापायच्या, जमीन चोपून शेणाने सारवायच्या. ते आमचं खळं. मग थेट मे महिन्यापर्यंत त्यावर जवळा पसरलेला. खराट्याने उलटायचा, कावळे हाकायचे, संध्याकाळी गोळा करायचा. माझी आई तिथे उभी हयात बसली. बसायला चार बांबूंचा एक मांडव, वर छप्पर म्हणून कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर, तोंड आभाळाकडे करून. आई म्हणायची, "ह्यो एकच पुढारी जो कायम डोक्यावर सावली धरून हाय."

मांडवापासून दहा-बारा पावलांवर बापदेव. देव म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, केशरी रंग दिलेल्या चौथऱ्यावर. होडी पाण्यात ढकलायच्या आधी माणूस त्याला हात जोडतो. मी त्या चौथऱ्याला टेकून पाढे पाठ केलेत, दहावीचा अभ्यास मांडवात केलाय. कॉलेजात गेले तरी माझ्या ओढणीला जवळ्याचा वास यायचा आणि बाजूला बसलेल्या मुली हळूच बाक बदलायच्या. तेव्हा मी मनातल्या मनात ठरवलं होतं की ह्या खळ्यावरून निघायचं. निघाले.

आईला माझ्या नोकरीचा कोण अभिमान. काम काय ते तिला कळायचं नाही, पण बाजारात सांगायची, "माजी पोर कम्प्युटरवर गावंच्या गावं उभी करते." मी म्हणायचे, आये, गप्प बस गं. मनातून बरं वाटायचं.

तर एके दिवशी सरांनी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांनी, नवीन काम दिलं. खाडीकाठी बाग, चालायला रस्ता, बसायला बाकडी. मी जमीन उघडली, त्यावर फोटो टाकला आणि ओरडलेच, "अगं बाई, हे तर आमचं गाव!" सगळे खुर्च्या सरकवत आले. मी त्यांना आमचं घर दाखवलं, निळ्या ताडपत्रीवरून ओळखू येत होतं. देऊळ दाखवलं, विहीर दाखवली. सरही आले. म्हणाले, "अरे वा! मग जागा बघायला जायची कटकटच मिटली. तुला सगळं माहीतच आहे."

कुणी गेलं नाही. सगळं ऑफिस उंटावरून शेळ्या हाकत होतं आणि त्यांच्यातली एकमेव गावची, मी, रोज त्याच जागेवरून चालत बसस्टॉपला जात होते.

फोटो तीन होते. एकात अर्ध्या गावावर ढग. दुसरा ऐन उन्हाळ्यातला. त्यात खळं दिसत होतं, सारवलेले फिकट चौकोन आणि त्यांवर जवळ्याचा गुलाबीसर थर. वरून बघताना अंगणात वाळत घातलेल्या साड्यांसारखा. मला इतका आवडला तो फोटो! पण बाकी सगळं तपकिरी, चिखल, वाळकं गवत. सर म्हणाले, "हे काय वाळवंट? बघणाऱ्याला प्रसन्न वाटलं पाहिजे." तिसरा गणपतीनंतरचा, स्वच्छ आकाश, हिरवंगार. गणपतीनंतर खळ्यावर गुडघाभर गवत असतं. अजून दसरा यायचा असतो, कुणी कापलेलं नसतं. हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं. "हाच घे," सर म्हणाले, आणि मी घेतला. बोलले काय? काही नाही. म्हटलं, चित्र तर आहे, चित्रात हिरवं काय आणि तपकिरी काय!

हिरव्या फोटोतही एक गोष्ट राहिली होती. मांडव. पावसाळ्यात आई बांबू काढत नसे, बॅनरही तसाच. त्या सगळ्या हिरव्यात पुढाऱ्याचा पिवळा-निळा चौकोन डोळ्यांत खुपत होता. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं, "हे रंगीबेरंगी काय आहे? काढ ते."

मी सांगू शकले असते की सर, ती माझी आई बसते ती जागा आहे. जिभेवर आलंही होतं. पण मग सगळ्यांनी खुर्च्या सरकवून पुन्हा बघितलं असतं, फाटका बॅनर, चार बांबू, सुकी मासळी. सकाळी घर दाखवताना वाटला तसा अभिमान तेव्हा वाटेना. लाज वाटली. हो, लाजच, दुसरा शब्द कशाला शोधू? मी शेजारचा गवताचा तुकडा उचलला, ठिगळ केलं, मांडवावर ठेवलं, कडा विरघळवल्या. दोन मिनिटं लागली. नीट मोठं करून पाहिलंही नाही. सर म्हणाले, "क्या बात है!" मग म्हणाले, "आता बाग न दाखवता नुसती ही जमीनही वेगळी काढून दे. 'सध्याची स्थिती' म्हणून लागेल." तीही दिली.

दोन महिन्यांनी गावात सुनावणीची नोटीस लागली. आई ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवली. तिला एवढंच कळलं की खळ्यावर बाग होणार आणि कुणाची हरकत असेल तर येऊन सांगायची. आई म्हणाली, "मंग सोप्पं हाय. आमी सगल्या जनी जाऊन सांगू, बाबांनो, तिथं आमी जवला सुकवतो. खलं बगतील तर त्यांनाबी कलंल." आणि मग माझ्याकडे बघून, "तू ये हां. तुज्या लायनीचं काम हाय ते." मी नोटिशीची घडी घालून तिला परत दिली. मनात म्हटलं, ऑफिसने कुठलं चित्र लावलंय कुणास ठाऊक. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

शनिवारी सकाळी समाजमंदिरात सुनावणी. पुढे टेबलामागे अधिकारी, शांत, सभ्य माणूस. बाजूला भिंतीवर पडदा आणि लॅपटॉपपाशी आमचे सर. मला बघून त्यांनी ओळखीचं हसून मान हलवली. मी मागच्या रांगेत बसले. आई आणि वीस-पंचवीस बायका सगळ्यांत पुढे, खाली सतरंजीवर.

पडद्यावर माझं चित्र आलं. वर लिहिलेलं, सध्याची स्थिती. हिरवंगार, मोकळं.

बायकांनी हरकत सांगितली. सगळ्या एकदम बोलत होत्या, मग आईने सगळ्यांना गप्प करून एकटीने सांगितलं. अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं लिहून घेतो. पण फोटोत तर वापर काहीच दिसत नाही. मोकळी गवताळ जमीन आहे."

आई उठली, पडद्याजवळ गेली. तिला लिहिता-वाचता येत नाही, नकाशा तिने जन्मात पाहिला नव्हता. पण क्षणभर बघून म्हणाली, "ह्यो तर गनपतीनंतरचा फोटू हाय. तवा कोन सुकवतंय? दसऱ्यानंतर या की!" बायका हसल्या, अधिकारीही हसले.

"आणि काळजी करू नका," अधिकारी समजुतीने म्हणाले, "तुमच्या देवाला कुणी हात लावणार नाही. दोन्ही चौथरे बागेत तसेच ठेवणार आहोत."

"दोन कुठं? आमचा बापदेव येकच हाय."

सरांनी लाल ठिपक्याने दाखवलं. "हा एक. आणि हा एक."

मी पाहिलं. केशरी चौथरा दोन ठिकाणी होता. मांडव झाकायला मी शेजारचा गवताचा तुकडा उचलला, त्या तुकड्याच्या कोपऱ्यात बापदेव होता. गवताबरोबर देवही उचलला गेला आणि नेमका मांडवाच्या जागी जाऊन बसला. ऑफिसात तो बारीक ठिपका होता. इथे अख्ख्या भिंतीवर मोठा करून लावल्यावर तो चौथरा होता, बाजूच्या वाकड्या झुडपासकट. झुडूपही दोनदा.

आई त्या दुसऱ्या चौथऱ्यावर बोट ठेवून उभी. "हितं आमचा मांडव हाय. बांबू बाराई महिने असत्यात. मांडव कुठं गेला? आन् ह्यो देव कुठून आला?"

"मॅडम, उपग्रहाचा फोटो आहे," सर म्हणाले. "त्यात आम्ही काही करत नसतो."

सगळा निकाल त्या क्षणी माझ्या हातात होता. हा फोटो जसाच्या तसा नाही, एवढं एक वाक्य. बाकी सगळं आईने आपल्या डोळ्यांनी शोधून काढलं होतं, माझ्यासाठी ताटात वाढून ठेवलं होतं. आणि आई वळून म्हणाली, "माजी पोर मागं बसलीय. तिचं कामच हाय ह्ये. तिला इचारा. बाय, उठ, सांग यांना."

मी उठले. सर माझ्याकडे बघत होते. आता हसत नव्हते.

"फोटो पावसाळ्यानंतरचा आहे," मी म्हटलं. "म्हणून गवत दिसतंय."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. आई वाट बघत होती. "आन् बापदेव?"

"वरून काढलेल्या फोटोत कधी कधी तसं दिसतं, आये."

अशी थाप मी आयुष्यात मारली नव्हती. गप्प बसले असते तर निदान गप्प बसल्याचंच पाप असतं. आई अजून एकदा पडद्याकडे वळली, डोळे बारीक करून बघितलं. मागून एक म्हातारी ओरडली, "अगो, तुजं डोलं गेलं! ये, बस खाली." सगळे हसले. आई आली, सतरंजीवर बसली आणि शेजारणीला म्हणाली, "असंल बाय. माजंच डोलं गेलं असतील."

त्यानंतर आठ दिवस ती घरात चाचपडल्यासारखी वागत होती. जवळा निवडताना ताट खिडकीजवळ न्यायची. सुईत दोरा ओवून बघायची. रस्ता ओलांडताना माझा हात धरायला लागली, जी बाई भरतीच्या वेळी बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन धावायची! शेवटी म्हणाली, "मना डोल्यांच्या डाक्टरकडं ने." मी नेलं. काय करणार?

नेरूळच्या दवाखान्यात अक्षरं न येणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असतो. तीन दातांची खूण, कधी डावीकडे तोंड, कधी वर, कधी खाली. आई बोटाने दिशा दाखवत गेली. शेवटच्या ओळीपर्यंत एकही चुकली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, लांबचं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मोतीबिंदू नाही, काही नाही. कोण म्हणालं डोळे गेले?"

परतताना आम्ही रिक्षा केली. वाटेत आईने विचारलं, "डोलं चांगलं हायत, तं मंग दोन बापदेव कसं दिसलं?"

मी सांगितलं. चादर, ठिगळ, बॅनर, सर, सगळं. लाज वाटली होती तेही सांगितलं. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गावाची कमान आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मंग तवा बोलली का नाय?" रिक्षावाल्याने मान थोडी वळवली. आईने मीटरकडे न बघताच रिक्षा थांबवली आणि उतरून पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, चित्र चुकीचं आहे, दुरुस्त करून पाठवू या. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "पाठवू की. फाइल तू केलीस, नाव तुझं जाईल. गाव पण तुझंच. लोक काय म्हणतील ते बघ." मी परत येऊन खुर्चीवर बसले. हरकतीचं पत्र मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा शेवटी नाव घालायची वेळ आली की बंद केलं. एक दिवस लेखी हरकतींची नोटिशीतली मुदत संपली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा कसा असतो ते कुणाला बघायचं असेल तर या, बेलापूरला चौथ्या मजल्यावर दाखवते.

नोकरी मी सोडली नाही, हेही सांगून टाकते. सोडली असती तर ही गोष्ट सांगायला जरा बरी वाटली असती.

पुढच्या दसऱ्याच्या आत खळ्याभोवती पत्रे लागले. बायकांनी गवत कापायला विळे घासून ठेवले होते. आई रोज सकाळी पत्र्यांपर्यंत जाऊन परत यायची. मग तिने घराच्या स्लॅबवर जवळा पसरायला सुरुवात केली, जेमतेम दोन सुपं मावतील एवढ्या जागेत. टॉवरमधल्या लोकांनी वासाची तक्रार केली. आईने तेही बंद केलं. आता ती दुपारी टीव्ही लावून बसते आणि टीव्हीकडे बघत नाही. बाजारात माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं तर म्हणते, "कायतरी ऑफिसात हाय."

बाग झाली. तंतोतंत माझ्या चित्रासारखी झाली, हेच तर दुखणं आहे. तेच हिरवं, तोच वळणाचा रस्ता. सकाळी टॉवरमधली माणसं पांढरे बूट घालून फेऱ्या मारतात. नकाशात चौथरे दोन, म्हणून ठेकेदाराने दुसरा नवा बांधला. जुन्यावर बापदेव आहे, त्याला आता फरशा बसवल्यात. दुसऱ्यालाही तशाच फरशा, तसाच केशरी रंग, वर काहीच नाही. पण माणसं कुठली थांबतात! कुणीतरी पहिलं फूल ठेवलं असेल, मग दुसऱ्याने उदबत्ती लावली. आता येता-जाता लोक दोन्हीकडे हात जोडतात. परवा तर एक बाई आपल्या नातवाला सांगत होती, हे फार जुनं देवस्थान आहे.

नारळी पौर्णिमेला आई म्हणाली, "बापदेवाला जायचंय, येतंस काय?" रिक्षातल्या त्या दिवसानंतर तिने मला पहिल्यांदा कुठे बरोबर बोलावलं होतं. मी नारळ आणि फुलांचा पुडा घेतला. आईने बापदेवापुढे दिवा लावला, नारळ फोडला, फुलं वाहिली. पुड्यात एक झेंडूचं फूल उरलं. पुढे पाच-सहा माणसं त्या दुसऱ्या चौथऱ्याला हात लावून कपाळाला लावत चालली होती, आणि त्यांच्या मागोमाग मीही गेले. काही विचार न करता वाकले, फूल ठेवायला हात पुढे केला.

आईने मागून माझं मनगट धरलं. अजून जोर आहे तिच्या हातात.

"तिथं नको," ती म्हणाली. "तिथं मी बसायची."